आत्याच्या कानाच्या मशीनचे सेल आणि दोन पिकोलिटरची बॅटरी

माझी आत्या बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात राहते. वय ८१. उजव्या कानाला मशीन आहे आणि त्याला ३१२ नंबरचा सेल लागतो, तपकिरी स्टिकरवाला. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. "अगं, हे सेल हल्ली अगदीच कुचकामी निघतायत. काल संध्याकाळी घातलेला आज कीर्तनात गेला. बुवांचे नुसते ओठ हलताना दिसत होते, आख्यान कुठवर आलं तेच कळेना."

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. त्याच दिवसांत एम.एस्सी.च्या प्रोजेक्टची तीन मुलं घेऊन मी सूक्ष्म बॅटऱ्यांवरचे शोधनिबंध वाचत होते. केसाच्या जाडीएवढ्या लांबीची बॅटरी कशी बनवतात, ती किती चालते, कुणाला चालवते, असा आमचा विषय. आत्याची तक्रार मी आधी दुकानदाराच्या खात्यावर टाकून मोकळी झाले होते. ती सोडवताना जे हाती लागलं, त्यानं आमचा लॅबमधला अडलेला प्रश्नही उलगडला. म्हणून हे प्रकरण सगळं लिहून काढते आहे.

तक्रार, आणि आधी झालेले उपाय

घरातल्यांनी आपापल्या परीनं बरंच केलं होतं. सेलचं दुकान दोनदा बदललं होतं. कार्डामागची तारीख पाहिली, ती पुढच्या वर्षानंतरची होती. ऑडिओलॉजिस्टकडे मशीन नेऊन ते किती करंट ओढतं ते मोजून घेतलं: साधारण १.२ मिलिअँपिअर, म्हणजे अशा मशीनला शोभेल इतकंच. ३१२ च्या सेलची क्षमता १७० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. भागाकार केला की १४० तास येतात. आत्या सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत मशीन घालते, त्या हिशेबानं सेल दहा दिवस चालायला हवा.

मी रविवारी गेले तेव्हा आत्यानं स्वयंपाकघराच्या दारामागचं कालनिर्णय काढून माझ्यापुढे ठेवलं. ज्या दिवशी सेल बदलते त्या तारखेवर ती लाल पेनानं ठिपका देते. ठिपक्यांमधलं अंतर मी वहीत उतरवलं: ९ दिवस, ७, ६, ४, ३, १. मग पुन्हा ९ आणि पुन्हा उतरती कळा. एका कार्डात सहा सेल येतात.

त्या आकड्यांपाशी मी बराच वेळ बसले. माल शिळा असता तर चांगले-वाईट सेल सरमिसळ आले असते. आपण कार्डात कितवे आहोत हे सेलला कसं कळणार? इथे तर प्रत्येक कार्ड पहिल्या सेलपासून सहाव्यापर्यंत ओळीनं खालावत होतं. म्हणजे जे काही घडत होतं ते कारखान्यात किंवा दुकानात घडत नव्हतं. कार्ड उघडल्यावर, याच घरात घडत होतं.

मी चालू कार्ड मागितलं. गोल चकती फिरवली की एकेका कप्प्यातून सेल बाहेर येतो, तसलं ते कार्ड. आत्याला वस्तू टाकवत नाही, त्यामुळे संपलेला सेल ती त्याच कप्प्यात परत ठेवते. एक संपलेला, एक तिच्या कानात, उरलेले चार नवे. नवे चारही सेल चकचकीत उघडे होते. एकावरही तपकिरी स्टिकर नव्हता.

"आत्या, यांचे स्टिकर कुठायत?"

"ते होय? ते तो काढून ठेवतो, येतो तेव्हा. मला सोपं जावं म्हणून."

तो म्हणजे तिचा नातू, विद्यानगरला शिकतो, महिन्यातून एकदा येतो. आत्याच्या दोन्ही अंगठ्यांचे सांधे सुजलेले आहेत. आठ मिलिमीटरच्या सेलवरचा तो इवलासा स्टिकर नखानं उचलणं तिला जमत नाही. एकदा प्रयत्नात सेल निसटून पलंगाखाली गेला आणि तो काढायला वाकताना तीच पडता पडता वाचली. तेव्हापासून नातू येतो, नवं कार्ड फोडतो आणि सहाही सेल सोलून ठेवून जातो.

स्टिकरखाली काय असतं

या सेलला जस्त-हवा सेल म्हणतात. डबीत जस्ताची पूड असते, ती पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात कालवलेली असते. सपाट बाजूला एक-दोन अगदी बारीक छिद्रं असतात आणि त्यांच्या आत कार्बनचा पातळ थर. छिद्रांतून हवा आत येते, तिच्यातला ऑक्सिजन त्या थरावर काम करतो आणि जस्ताचं झिंक ऑक्साइड होत जातं. म्हणजे बॅटरीचा अर्धा भाग डबीत भरलेलाच नसतो, तो खोलीतल्या हवेतून यायचा असतो. म्हणून तर एवढ्याशा डबीत इतका माल मावतो. १९३० च्या दशकात याच रसायनाचे मोठाले सेल रेल्वेच्या सिग्नलांना वापरायचे. कानाच्या मशीनमध्ये ते १९७० च्या दशकात आले आणि पुढे त्यांनी पाऱ्याच्या सेलांची जागा घेतली.

स्टिकर हा त्या छिद्रांवरचा बूच. तो आहे तोवर सेल झोपलेला राहतो, वर्षानुवर्षं टिकतो. तो काढला की हवा आत येते आणि मिनिटाभरात व्होल्टेज १.४ च्या आसपास चढतं. पण ज्या छिद्रातून हवा आत येते त्याच छिद्रातून पाणी बाहेर जातं. आतलं द्रावण साधारण ३० टक्क्यांचं असतं आणि भोवतालच्या हवेत सुमारे ६० टक्के आर्द्रता असेल तेव्हाच त्याचं पाणी ना घटतं ना वाढतं. मे महिन्यातली बडोद्याची दुपार आठवा. गच्चीवर टाकलेले पापड तासात कडक होतात. त्या हवेत कपाटावर उघडा पडलेला सेल न वापरताही आतून सुकत जातो. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून द्रावणाचं थोडं थोडं कार्बोनेट करत राहतो, ते वेगळंच.

पहिला सेल लगेच वापरात जायचा, त्याला नऊ दिवस मिळायचे. सहावा सेल आधी २९ दिवस उघडा पडून राहायचा.

तर्क जुळला होता, पुरावा हवा होता. घरातला मल्टिमीटर इथे दगा देतो, हे मुद्दाम सांगते, कारण पुष्कळ जण सेल असाच तपासतात. मी चारही उघडे सेल मीटरला लावले, सगळ्यांनी १.३ च्या वरच दाखवलं. अर्धवट सुकलेला सेलही नुसत्या मीटरला छान व्होल्टेज देतो, कारण मीटर त्याच्याकडून जवळजवळ काही मागतच नाही. कॉलेजात नेऊन एक किलोओहमचा रेझिस्टन्स जोडला, म्हणजे मशीनइतकंच ओझं दिलं, तेव्हा खरं दिसलं. स्टिकर नुकता काढलेला सेल १.२५ च्या वर स्थिर राहिला. महिनाभर उघडा असलेला बघता बघता १ व्होल्टच्या खाली गेला.

दुसरा पुरावा मला जास्त आवडला. जस्त-हवा सेल वापरला की जड होतो, कारण तो ऑक्सिजन पोटात घेतो. १७० मिलिअँपिअर-तासांना किती ऑक्सिजन लागेल याचा फॅरडेच्या नियमानं (किती वीज वाहिली त्यावरून किती पदार्थ लागला ते सांगणारा नियम) हिशेब केला तर सुमारे ५० मिलिग्रॅम येतो. हा सेल उणापुरा अर्धा ग्रॅमचा, तेव्हा लॅबच्या वजनकाट्याला हा फरक म्हणजे ढळढळीत. उलट, न वापरता सुकलेला सेल हलका व्हायला हवा. आत्यानं आधीचं अख्खं कार्डही जपून ठेवलं होतं, सहाही मेलेले सेल आपापल्या कप्प्यात. एकेक करून वजन केलं. पहिला सेल नव्या, बंद सेलपेक्षा जड निघाला. सहावा हलका. मधले चार ओळीनं उतरत गेले होते. पहिला सेल काम करून गेला होता, सहावा तहानेनं.

सेमिनारमध्ये

मी ती दोन्ही कार्डं सोमवारी मुलांसमोर ठेवली, कारण आम्ही ज्या शोधनिबंधावर अडलो होतो तो याच रसायनाचा होता. अमेरिकेतल्या एमआयटीत मायकेल स्ट्रानो यांच्या गटानं ऑगस्ट २०२४ मध्ये 'सायन्स रोबॉटिक्स' या नियतकालिकात एक जस्त-हवा बॅटरी प्रसिद्ध केली. लांबी ०.१ मिलिमीटर, जाडी ०.००२ मिलिमीटर. एसयू-८ नावाच्या पॉलिमरच्या पट्टीवर एक इलेक्ट्रोड जस्ताचा, एक प्लॅटिनमचा. घनफळ २ पिकोलिटर, म्हणजे लिटरच्या लाख कोटीव्या भागाचे दोन. चिपा बनवतात त्याच प्रकाशमुद्रणाच्या पद्धतीनं एका वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, अशा १०,००० बॅटऱ्या एकदम तयार होतात. व्होल्टेज १ च्या आसपास, एकूण ऊर्जा ५.५ ते ७.७ मायक्रोज्यूल, जास्तीत जास्त शक्ती २.७ नॅनोवॅट.

नुसते आकडे वाचून पोटात काही उतरत नाही. म्हणून मुलांनी फळ्यावर आत्याचा सेल शेजारी मांडला. १७० मिलिअँपिअर-तास गुणिले सव्वा व्होल्ट, म्हणजे सुमारे ७६० ज्यूल. सात मायक्रोज्यूलनं भागलं तर साधारण अकरा कोटी आले. मग घनफळ: ७.९ मिलिमीटर व्यास, ३.६ मिलिमीटर उंची, सुमारे १७६ घन मिलिमीटर. दोन पिकोलिटरनं भागलं तर जवळजवळ नऊ कोटी. दोन्ही उत्तरं दहा कोटींच्या अवतीभवती! आकार जितक्या पटीनं घटला, ऊर्जाही जवळपास तितक्याच पटीनं घटली होती. जास्त नाही.

एका मुलानं विचारलं, "मग यात विशेष काय?" हेच तर विशेष आहे. बॅटरी लहान करत नेली की एरवी आधी मरतं ते आतलं सामान. बाहेरची डबी, रबरी कडा, सील यांची जाडी एका मर्यादेखाली नेता येत नाही. समजा भिंत दहावा भाग मिलिमीटर जाडीची ठेवावीच लागली, तर ०.१ मिलिमीटरच्या बॅटरीत सगळी भिंतच उरेल, जस्ताला जागाच नाही. २०१३ मध्ये हार्वर्डच्या जेनिफर लुईस आणि इलिनॉयच्या शेन डिलन यांच्या गटांनी वाळूच्या कणाएवढी लिथियम-आयन बॅटरी थ्रीडी छपाईनं केली, ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तोंडाच्या नळीतून शाई सोडून, दोन कंगव्यांचे दाते एकमेकांत अडकावेत तसे इलेक्ट्रोड रचून. इलेक्ट्रोड अप्रतिम होते. पण शेवटी त्यांना एका छोट्या पेटीत घालून वर द्रावण भरावंच लागलं. स्ट्रानो यांच्या बॅटरीला डबीच नाही, आणि अर्धा माल ती बाहेरच्या ऑक्सिजनकडून घेते. म्हणून ती एवढ्या लहान मापातही भरलेली राहिली.

आता दुसऱ्या मुलीनं जो प्रश्न विचारला तोच आमचा अडलेला प्रश्न होता. ती आत्याचा मेलेला सहावा सेल हातात घेऊन बसली होती. "मॅडम, हा एवढा मोठा सेल महिन्यात सुकला. मग त्या पिकोलिटरवाल्याचा स्टिकर कुठाय?"

मी तिला काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक मोठा थेंब ड्रॉपरनं ठेवायला लावला आणि शेजारी सुईच्या टोकानं एक इवलासा ठिपका. पंखा चालू होता. ठिपका आम्ही बोलेबोलेपर्यंत पांढरा पडला, मोठा थेंब तास सरेपर्यंत ओला होता. थेंबाचा व्यास दहावा केला की वाळायला लागणारा वेळ साधारण शंभरावा होतो. घनफळ घनानं घटतं, पृष्ठभाग वर्गानं, त्यामुळे लहान वस्तूला तिच्या पोटाच्या मानानं दार फार मोठं असतं. आत्याच्या सेलला महिना लागला, पिकोलिटरला सेकंदाचा अंशही पुरेल.

या क्षेत्रात जो तो या एका दाराशीच झगडतोय, असं माझं ठाम मत झालं आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत जियानयू हुआंग आणि सहकाऱ्यांनी टिन ऑक्साइडच्या एकाच नॅनोतारेचा, सुमारे १०० नॅनोमीटर जाडीच्या, इलेक्ट्रोड करून बॅटरी बांधली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आत, निर्वातात. निर्वातात कुठलंही नेहमीचं द्रावण उडून जाईल, म्हणून त्यांनी आयनिक द्रव वापरला, ज्याची वाफ जवळजवळ होतच नाही. त्यामुळे चार्ज होताना ती तार फुगते, लांब होते, वळते, हे त्यांना डोळ्यांनी पाहता आलं. तिथल्याच ओक रिज प्रयोगशाळेतल्या जॉन बेट्स यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळी वाट काढली होती: द्रवच नको, लिथियम-फॉस्फरस-ऑक्सिनायट्राइडचा काचेसारखा घन थर घ्यायचा. सुकायला काही उरत नाही, पण लिथियमला दमट हवा चालत नाही, म्हणून वरून कडेकोट आवरण आलंच. कॉर्नेलच्या इताई कोहेन आणि पेनसिल्व्हेनियाच्या मार्क मिस्किन यांच्या २०२० च्या सूक्ष्म रोबॉटांनी बॅटरीच टाकली आणि लेझरच्या प्रकाशावर पाय हलवले. प्रकाश पोचतो तिथे हे सुरेख चालतं. शरीराच्या आत किंवा नळाच्या पोटात अंधार असतो.

स्ट्रानो यांच्या गटाची बॅटरी द्रवात सोडता येते आणि विरघळलेला ऑक्सिजन घेऊनही चालते. पाण्यातच राहणाऱ्याला पाणी उडून जाण्याचं भय नाही. त्या मुलीच्या प्रश्नाला मला सापडलेलं उत्तर हेच: स्टिकर नको, कारण खोलीच बदलली. बदल्यात ऑक्सिजन कमी मिळतो. २५ अंशांना लिटरभर पाण्यात तो आठेक मिलिग्रॅम विरघळतो, लिटरभर हवेत सुमारे पावणेतीनशे असतो. आत्याच्या मशीनला हा उपासच झाला असता. त्याला दीड मिलिवॅट लागतात, म्हणजे अशा साडेपाच लाख बॅटऱ्या एकदम. पण नॅनोवॅट मागणाऱ्याला तो घास पुरतो. त्यांनी तिच्यावर मेमरिस्टरचं, म्हणजे आधी वाहिलेल्या विजेची आठवण ठेवणाऱ्या रेझिस्टन्सचं, परिपथ चालवलं, एक घड्याळ-परिपथ चालवलं, दोन प्रकारचे सेन्सर चालवले आणि सूक्ष्म हात दर २० सेकंदांनी एकदा असा वाकवला. बॅटरी या उपकरणांना तारेनं जोडलेली होती, रोबॉटच्या अंगातच ती बसवणं हा पुढचा टप्पा. पूर्ण शक्तीनं ओढलं तर ती पाऊण तासाच्या आसपास रिकामी होते. मला स्वतःला तिचं पडून राहणं जास्त महत्त्वाचं वाटतं. पाण्यात जस्त काम नसतानाही हळूहळू गंजतं, आणि दोन मायक्रॉनच्या जाडीत गंजायला वेळ तो किती लागणार? कामाच्या जागी पोचेपर्यंत तिला झोपवून ठेवायचं कसं, हा सहाव्या सेलचाच प्रश्न आहे.

मुलांनी प्रोजेक्ट बदलला. आमच्या लॅबमध्ये पिकोलिटर करणं शक्य नव्हतं, पण दार मोजणं शक्य होतं. दोन काचेच्या बरण्या घेतल्या. एकीत तळाला मॅग्नेशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण, तिथे आर्द्रता ३३ टक्क्यांना स्थिर राहते. दुसरीत साध्या मिठाचं, तिथे ७५. दोन्हींत स्टिकर काढलेले सेल जाळीवर ठेवून रोज सकाळी वजन. पहिल्या बरणीतले हलके होत गेले, दुसरीतले जड. एक बडोद्याचा मे, एक बडोद्याचा जुलै. पावसाळ्यात सेल पाणी पिऊन फुगतो आणि हवेची वाट बुजते, ही उलटी तक्रारही ऑडिओलॉजिस्टकडे दरवर्षी येते, ती का, ते काट्यावर दिसलं.

आत्याकडे

एक गोष्ट मी पहिल्या फेरीत पाहिली नव्हती. रात्री आत्या मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायची, सेलसकट. मशीनसाठी ती डबी चांगली, घामाची ओल जाते. सेलसाठी ती दुसरी मे महिन्याची दुपार. आता सेल काढून बाहेर ठेवते, मशीन तेवढं डबीत.

स्टिकरचा उपाय मी सुचवलेला कुणाला पटला नाही. माझं म्हणणं, वरच्या मजल्यावरच्या सूनबाईंनी दर दहा दिवसांनी येऊन एक सोलून द्यावा. आत्याला कुणाच्या दारी सेल घेऊन उभं राहणं पसंत नव्हतं. नातवाला मी फोनवर सगळं सांगितलं, वजनांसकट. तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, "म्हणजे मीच आजीचे सेल मारत होतो." मी त्याला म्हटलं, तू तिच्या अंगठ्याचा विचार केलास, जो सेल बनवणाऱ्यानं करायला हवा होता.

पुढच्या खेपेला आला तेव्हा त्यानं नवं कार्ड फोडून सहाही सेल पुन्हा तयार करून ठेवले. यावेळी स्टिकर जागच्या जागी ठेवून. मलमपट्टीची कापडी चिकटपट्टी घेतली, प्रत्येक स्टिकरच्या कडेला ती दोन्ही बाजूंनी चिकटवून दुमडली आणि बोटभर लांब शेपटी केली. आता आत्या शेपटी चिमटीत धरते, सेल टेबलाला टेकवते आणि ओढते. मग सेल हवेला ठेवून तुळशीला पाणी घालून येते, आणि आल्यावर मशीनचं झाकण लावते.

जुलै संपताना मी कॅलेंडर पाहिलं. नव्या कार्डाचे ठिपके १०, १०, ९, १० असे होते. पाचवा सेल कानात होता आणि सहाव्याची शेपटी कार्डातून बाहेर डोकावत होती.